हयातीची रेघ

मुकुंद तारळेकर वारल्याची खबर शुक्रवारी सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी सतरा जणांना पोचली, तेव्हा खुद्द तारळेकर सांगलीतल्या आपल्या स्वयंपाकघरात पोह्यांवर ओलं खोबरं भुरभुरत होते. खबर खोटी होती हे तर उघडच आहे. पण ती कुणी उठवलेली आवई नव्हती. ती दिली होती एका लेखणीनं, आणि त्या बिचारीला खोटं बोलता येत नव्हतं. खोटं बोलत होते ते तारळेकर. तेही तीन आठवडे, रोज सकाळी, पट्टी लावून!

पण हे असं मधूनच सांगून काय उपयोग? मुळापासूनच सांगायला हवं.

तारळेकर भूमिअभिलेख खात्यात आरेखक होते. म्हणजे मोजणी झालेल्या जमिनीचे नकाशे कागदावर उतरवायचे. ड्रोन आले, उपग्रह आले, तरी फाटक्या जुन्या नकाशाची हुबेहूब नक्कल हवी असली की साहेब म्हणायचे, तारळेकरांना बोलवा. रेघ अशी, की दोन भाऊबंद बांधावरून डोकी फोडायला निघाले तरी तारळेकरांच्या रेघेवर कुणी बोट ठेवायचं नाही. आणि माणूस कसा? तर एका शब्दाचा. तो शब्द म्हणजे "चालेल". भाजी दोडक्याची करू का? चालेल. बदली शिराळ्याला केली तर? चालेल. मुलीनं स्वतःच लग्न ठरवलंय. चालेल. त्यांची बायको शैलजा एकदा वैतागून म्हणाली होती, "अहो, तुम्हाला विष देऊ का म्हटलं तरी चालेल म्हणाल." तारळेकर पेपर वाचत होते. त्यांनी काय उत्तर दिलं ते तुम्हीच ओळखा.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी ते सवयीनं साडेनवाला कपडे करून, डबा समोर घेऊन बसले. जायचं कुठंच नव्हतं. मग ऑफिसातून उरलेल्या मोजणीच्या एका कोऱ्या वहीत त्यांनी समोरचा डबा काढला. पट्टी न लावता, नुसत्या हातानं. डबा वाकडा आला, आणि काढून होईपर्यंत तारळेकरांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्याला वाईट वाटतंय हे त्यांना त्या वाकड्या डब्यानं सांगितलं.

त्या दिवसापासून नेमच झाला. चहा झाला की वही घ्यायची आणि घरातली एक वस्तू काढायची. किटली, अडकित्ता, दाराची कडी, शैलजाच्या चपला. एकदा स्वतःचा चष्मा काढायला बसले नि काढून झाल्यावर बघतात तर चित्रातल्या काडीला दोरा बांधलेला! तो चष्मा त्यांच्या आईचा होता. तेव्हा कळलं, की सकाळपासून आपल्याला आईची आठवण येत होती. ज्या माणसाला तोंडानं काही सांगता येत नाही, त्याला ही वही स्वतःचीच खबर द्यायची. अकरा वर्षांत अशा सव्वीस वह्या झाल्या. वही कुणी उघडायची नाही, असं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. पण शैलजा उघडत नसे.

एकोणसत्तराव्या वाढदिवसाला पुण्याहून मुलगी मुग्धानं 'मनरेघ' पाठवली.

दिसायला जाडसर शाईचं पेन. पण आत अक्कल भरलेली. माणसाचा हात कधीच स्थिर नसतो. पैलवानाचासुद्धा नसतो. बोटांच्या स्नायूंना येणारे हुकूम नळाच्या धारेसारखे सलग येत नाहीत, थेंबाथेंबानं येतात, म्हणून हात सेकंदाला आठ ते बारा वेळा अगदी बारीक थरथरतो. त्यातच हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा हलका धक्का मिसळलेला असतो. आपल्या डोळ्याला यातलं काही दिसत नाही. मनरेघेच्या टोकाला मात्र केसाहून बारीक संवेदक होते, आणि ते रेघेचा दाब, वेग आणि थरथर सेकंदाला हजार वेळा टिपत. पहिले एकवीस दिवस ती नुसती ऐकायची, हाताची नेहमीची चाल शिकायची. मग त्या चालीत कुठं फरक पडला यावरून मन ओळखायची आणि मोठ्यानं सांगायची. एवढ्यावर थांबती तर ठीक होतं. पण मुग्धानं काळजीपोटी ती घरच्यांच्या ग्रुपला जोडून दिली होती. म्हणजे तारळेकरांचं मन रोज सकाळी सतरा जणांच्या फोनवर.

"जोडू ना, बाबा?" असं तिनं विचारलं होतं. आता काय उत्तर आलं असेल ते सांगायला नकोच.

बाविसाव्या दिवशी लेखणी पहिल्यांदा बोलली. आवाज एका बाईचा, आणि उच्चार इतके स्वच्छ, की सांगलीकरांना उगाचच आपलं काहीतरी चुकलंय असं वाटावं.

"आज किटली काढताना आपण चिडलेले होता. किटलीवर नव्हे."

शैलजा पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं. "मग कुणावर?"

"कुणावर नाही गं."

"लेखणी काय उगाच बोलेल?"

ग्रुपवर तोवर सल्ल्यांचा पूर आला होता. मुग्धाच्या सासूबाईंनी आवळ्याचा रस सुचवला. एका मेहुण्यानं 'माझ्यावर तर नाही ना?' असं विचारलं, आणि गंमत म्हणजे तारळेकर खरोखर त्याच्यावरच चिडले होते.

इथवर हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच महिन्यात घर विकायचं ठरलं होतं. मुग्धानं फोनवर म्हटलं होतं, तुम्ही दोघं तिकडे एकटे, माझ्या शेजारचाच फ्लॅट रिकामा होतोय, या ना इकडे. शैलजानं नवऱ्याकडे बघितलं. नवरा म्हणाला, "चालेल." मग शैलजाही म्हणाली, "मग चालेल." दाताचे एक डॉक्टर घर घ्यायला तयार झाले. खरेदीखताचा सोमवार ठरला. शैलजा लोणच्याच्या बरण्या कागदात गुंडाळायला लागली, आणि पुण्यात सत्ताविसाव्या मजल्यावर राहायला जायच्या नुसत्या विचारानं तारळेकरांच्या पोटात खड्डा पडायला लागला.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. वहीला मात्र कळलं. हात आपोआप घराकडेच वळायला लागला. मागच्या दाराची बिजागरी, न्हाणीचा झरोका, परसातला धुण्याचा दगड.

"आज दगड काढताना आपल्या रेघेत दुःख आढळलं," लेखणी म्हणाली. "काल बिजागरी काढतानाही आढळलं होतं. आपल्याला घराविषयी काही बोलायचं आहे का?"

तारळेकरांनी झटकन टोपण लावलं. पण चोराच्या मनात चांदणं! दिवसभर त्यांना वाटत राहिलं, शैलजाला कळलं, मुग्धाला कळलं. पोरीनं एवढ्या हौसेनं ठरवलंय, बायको डबे भरतेय, आणि ऐनवेळी आपण खोडा घालायचा? छे! हे जमायचं नाही.

उपाय सांगितला हणमंत कुपवाड्यांनी. कुपवाडे ऑफिसातले जुने सोबती. साखळी ओढत शेतं मोजण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"लेका मुकुंदा, डोकं हाय का खोकं?" ते म्हणाले. "ती थरथर बघती म्हणतोस, मग थरथर देऊच नकोस की तिला! जन्मभर काय केलंस? पट्टी कुठाय तुझी?"

पट्टी ट्रंकेत होती. पितळी कडेची, सोबत गुण्या, वळणं काढायची वक्रपट्टी, आणि नकाशा दाबून ठेवायची शिशाची वजनं. तारळेकरांनी गॅसचा सिलिंडर काढला. वरून, समोरून, बाजूनं, तोही प्रमाणात. पट्टीला टेकवून ओढलेल्या रेघेची थरथर पट्टीच खाऊन टाकते. त्यात आरेखकांची जुनी खोड अशी, की शाईची रेघ ओढताना श्वास रोखायचा, मनगट मेजाला चिकटवायचं आणि हाताला हात म्हणून काही समजूच द्यायचं नाही.

"आजची रेघ शांत आहे," लेखणी म्हणाली. "अभिनंदन."

पाचव्या दिवशी 'अतिशय शांत'. बाराव्या दिवशी 'असामान्य शांतता'. ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा खच पडला. मुग्धाच्या सासूबाईंनी विचारलं, व्याही कुणाचं ध्यान करतात? मेहुणा म्हणाला, मला आधीपासून वाटायचंच. मुग्धानं आईला फोन करून सांगितलं, "बघ, पुण्याला यायचं म्हटल्यावर बाबा किती निवांत झालेत!"

फक्त तारळेकरांचं काहीतरी बिघडलं. चित्र अगदी बिनचूक यायचं, वही मिटायची, आणि मनात काहीच उमटायचं नाही. एक दिवस शैलजानं विचारलं, "काय होतंय तुम्हाला?" ते "काही नाही" म्हणाले, आणि दचकले. कारण आजवर ते 'काही नाही' म्हणायचे तेव्हा आत काय आहे ते त्यांना ठाऊक असायचं. आता खरंच ठाऊक नव्हतं. लेखणीला फसवता फसवता त्यांनी वहीलाच फसवलं होतं, आणि वहीखेरीज त्यांना स्वतःचं असं होतं तरी कोण? फार एकटं वाटलं त्यांना. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्टीच काढली. सोमवार पार पडेपर्यंत, एवढंच.

मनरेघेच्या माहितीपत्रकात त्रेचाळिसाव्या पानावर, जिथवर आजतागायत कुणी पोचलेलं नाही, एक कलम होतं. सलग एकवीस दिवस धारकाच्या हातात ना थरथर, ना ठोका आढळल्यास, धारक हयात नसल्याचं गृहीत धरून आप्तांना आणि रुग्णवाहिकेला कळवण्यात येईल. लेखणी हलतेय तरी कशी, हा प्रश्न कंपनीला पडला नव्हता.

शुक्रवारी एकविसावा दिवस भरला. तारळेकरांनी पिठाच्या चाळणीचं शेवटचं वर्तुळ कंपासनं पुरं केलं, लेखणी खाली ठेवली आणि पोहे परतायला उठले. शैलजा फिरायला गेली होती. बाहेरच्या खोलीत लेखणी काहीतरी पुटपुटली, ते कढईच्या खणखणाटात त्यांना ऐकू आलं नाही.

पहिला फोन मुग्धाचा, शैलजाच्या घरीच राहिलेल्या मोबाइलवर. ती सामान बांधायला म्हणून पहाटेच निघाली होती आणि कऱ्हाडच्या अलीकडे होती.

"आई! आई, बाबा..."

"आई फिरायला गेलीय. मीच आहे."

मग मुग्धा जी रडायला लागली ती थांबेना. आणि थांबली तेव्हा इतकी भडकलेली होती, की तारळेकरांना वाटलं, मेलो असतो तर बरं झालं असतं.

ग्रुपवरची खबर गल्लीभर पसरली आणि अर्ध्या तासात घर भरलं. सगळ्यांत आधी आल्या शेजारच्या आवटीवहिनी, पदराखाली पिठलं-भाताचं पातेलं घेऊन. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारणीनं हे करायचं असतं, आणि वहिनी रीतीला पक्क्या. दारात तारळेकरांनाच बघून त्या किंचाळल्या, पण पातेलं सोडलं नाही. मग आले कुपवाडे, हातात झेंडूचा हार.

"आयला! उठलास?"

"निजलो कधी होतो मी?"

"मग ह्याचं काय करू?" कुपवाड्यांनी हार पाठीमागे लपवला, आणि थोड्या वेळानं कुणाचं लक्ष नाही असं बघून दाराच्या चौकटीला अडकवून टाकला. त्यानं घराला सणाची कळा आली.

शैलजा फिरून आली ती दारातली गर्दी बघून पांढरीफटक पडली. माणसं बाजूला सारत ती आत शिरली, नवऱ्याला धडधाकट उभा पाहिला, आणि तशीच वेताच्या मोड्यावर बसली. तिचे हात थरथरत होते. त्याला कुठल्या लेखणीची गरज नव्हती. ते तारळेकरांना उघड्या डोळ्यांनी दिसलं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

रुग्णवाहिका आठ वाजून गेल्यावर आली. वारलेल्याला घाई नसते. त्यातून एक तरतरीत मुलगी उतरली. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, निलोफर.

"वारलेले आपले कोण?" तिनं हळू आवाजात तारळेकरांना विचारलं.

"मीच," तारळेकर ओशाळून म्हणाले.

तिनं नाडी बघितली, डोळे बघितले. "माझ्या मते तुम्ही जिवंत आहात, काका. पण माझ्या मताला कोण विचारतंय? लेखणीनं नोंद केलीय, ती लेखणीच मागे घेणार. एक मिनिटभर मोकळ्या हातानं चित्र काढायचं. हयातीचा दाखलाच समजा. आणि आवाज चालू ठेवायचा, साक्षीदारांना ऐकू गेला पाहिजे."

तेवढ्यात मुग्धा आली. डोळे सुजलेले. तिनं येऊन आधी वडिलांच्या दंडावर एक फटका मारला, मग त्यांना घट्ट मिठी मारली, आणि मग मेजावरची पट्टी, गुण्या, शिशाची वजनं बघितली. पोरगी आरेखकाची होती. तिला एका नजरेत कळलं.

"बाबा, तुम्ही एकवीस दिवस पट्टीनं...? का?"

तारळेकर पट्टी उचलून बाजूला सारायला लागले.

"काढा," शैलजा म्हणाली. "सगळ्यांसमोर काढा. आणि पट्टीला हात लावाल तर बघा."

आता मात्र पंचाईत झाली. नाही काढलं तर कायमचे मेलेले, आणि काढलं तर लेखणी सगळ्यांदेखत आतलं बाहेर काढणार. तीन दिवसांवर सोमवार. भोवती बायको, मुलगी, शेजारीण, मित्र आणि सरकारी साक्षीदार. तारळेकरांनी वही उघडली. मागच्या दारातून परसातला धुण्याचा दगड दिसत होता. ह्याच दगडावर बसवून मुग्धाला न्हाऊ घातलं होतं. शेवटच्या हिवाळ्यात आई ह्यावरच उन्हाला बसायची. तारळेकरांनी दगड काढायला घेतला. तीन आठवड्यांनी मोकळा सुटलेला हात चांगलाच कापत होता. रेघ इकडे गेली, तिकडे गेली. आणि पोटातला तो खड्डा पुन्हा जागा झाला. आला बाबा परत, असं त्यांना वाटलं. हरवलेलं माणूस दारात दिसावं तसं बरं वाटलं.

लेखणीनं बोलायच्या आधी करायची ती बारीक 'टुंग' केली.

"थांब!" तारळेकर ओरडले. त्यांचा आवाज एवढा मोठा असू शकतो हे कुणालाच माहीत नव्हतं. "तू नको सांगूस. मी सांगतो. मला पुण्याला जायचं नाही. मला हे घर सोडायचं नाही. पहिल्या दिवसापासून नव्हतं सोडायचं. चालेल म्हणालो, कारण मला दुसरं काही म्हणताच येत नाही. माझं चुकलं."

मग शैलजा मोड्यावरून उठली.

"मग मी काय गंमत म्हणून बरण्या गुंडाळतेय महिनाभर? मला तरी कुठं जायचं होतं? तुम्ही एवढं पटकन चालेल म्हणालात, मला वाटलं लेकीकडे जायला जीव आसुसलाय ह्यांचा!"

"आई!" मुग्धा म्हणाली. "तूच म्हणाली होतीस ना, घर खायला उठतं म्हणून?"

"ह्यांच्या गप्प बसण्यानं उठतं! त्यात घराचा काय दोष?"

मुग्धा मटकन खाली बसली. आधी हसली, मग तिचे डोळे भरून आले. "मी सोसायटीच्या लोकांच्या पाया पडून तो फ्लॅट अडवून ठेवलाय. आणि खरं सांगू? मला पण जरा धास्तीच होती. आई रोज माझ्या स्वयंपाकघरात येणार म्हणून."

"काय म्हणालीस?"

"काही नाही."

"काही नाही म्हणायचं नाही आता ह्या घरात कुणी!" आवटीवहिनींनी मधेच सुनावलं. पातेलं अजून त्यांच्या हातातच होतं.

एवढं सगळं ऐकून घेऊन लेखणी शांतपणे म्हणाली, "धारक हयात आहे. नोंद दुरुस्त केली. आजच्या रेघेतली प्रमुख भावना आहे भूक."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"बरोबर आहे की," निलोफर म्हणाली. "सकाळपासून पोटात काही नाही काकांच्या. साखर उतरली की हात जास्तच थरथरतो. त्या थरथरीखाली बाकीचं सगळं दबून गेलं."

कुपवाड्यांनी कपाळाला हात लावला. "आयला, मुकुंदा! अजून एक मिनिट गप्प बसला असतास, तर सुटला असतास की लेका!"

तारळेकरांनी लेखणीला टोपण लावलं. "सुटलोच की," ते म्हणाले.

पोहे गार झाले होते, म्हणून स्वतःच्या सुतकाचा पिठलं-भात तारळेकरांनी दोनदा वाढून घेतला. निलोफरलाही आग्रहानं बसवलं. दुपारी त्यांनी दाताच्या डॉक्टरांना स्वतः फोन केला. डॉक्टरांनी चांगले चार शब्द सुनावले आणि तारळेकरांनी ते मुकाट्यानं ऐकून घेतले. ते त्यांच्या हक्काचेच होते. मुग्धा दोन दिवस राहिली आणि बांधलेलं सामान उलगडून पुन्हा जागेवर लावून गेली. जाताना तिनं लेखणी ग्रुपवरून काढली. शैलजा आता त्या लेखणीनं दुधाच्या पिशवीला भोक पाडते.

पुढच्या शनिवारी सकाळी चहा झाल्यावर तारळेकरांनी साधी शिसपेन्सिल घेतली आणि परसात जाऊन बसले. दगड काढला. वाकडा आला. शैलजा कपडे वाळत घालता घालता मागे येऊन थांबली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. त्यांनी वही झाकली नाही.

"हे काय काढलंय?"

"दगड."

"दगडासारखा दिसत नाही. भाकरीसारखा दिसतोय. पुरे करा आता, आत या, मला दुधी किसून द्या."

तारळेकरांच्या तोंडात तो नेहमीचा शब्द आला. अगदी ओठांपर्यंत आला.

"नाही चालणार," ते म्हणाले, आणि स्वतःच थोडे घाबरले. "आधी दगड नीट काढतो. मग दुधी."

शैलजा बघतच राहिली. मग तिनं बादली उपडी घातली, आणि दगड नीट होईपर्यंत त्यांच्याशेजारी बसून राहिली.